ओढत होत्या का?

सुताराने बायकोची ट्रंक पालथी घातली, तेव्हा सून दारातच उभी होती.

"बाबा, काय हरवलंय?"

"काही नाही. तू जा."

हरवलं काहीच नव्हतं. काही सापडेल याची धास्ती होती. बायको जाऊन सोळा दिवस झाले होते. तिच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "ओढत होत्या का? सिगरेट?"

"छे!" तो म्हणाला होता. पण ते 'छे' त्याचं त्यालाच पटेना. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. मधलं त्याला काय ठाऊक? शेजारीण येऊन बसायची. दोघी हसायच्या आणि तो आला की गप्प व्हायच्या.

त्याने तिच्या स्वेटरचे खिसे उलटे केले. एक काडेपेटी निघाली. शाल नाकाला लावली, तर धुराचा वास.

तेवढ्यात सुनेला खोकला आला. तोच, बायकोचा, कोरडा, न थांबणारा. सुताराने मान वळवली.

"तूही ओढतेस?"

सुनेने त्याच्या हातातली काडेपेटी पाहिली.

"ओढते ना. दोन वेळा, सासूबाईंसारखीच. या, दाखवते."

तिने त्याला चुलीपुढच्या पाटावर बसवलं. आजवर तो जळणाचं पोतं दारात टाकून मागे फिरायचा. सुनेने जाळ केला.

"आता पातेल्याला उकळी येईपर्यंत उठायचं नाही."

डोळे चुरचुरले, घसा धरला. धुराला शालीचाच वास होता आणि तो वास त्याच्या ओळखीचा निघाला. पॉलिशचा. कारखान्यातले पॉलिश लागलेले लाकडाचे तुकडे फुकटचं जळण म्हणून तोच रोज आणायचा.

"शेजारणीजवळ सासूबाई तुम्हाला 'जळणवाले' म्हणायच्या," सून म्हणाली. "त्यावरच हसायच्या दोघी."

उकळी आली तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पोतं आणलं नाही, करवत आणली. चुलीमागच्या फळ्यांच्या भिंतीवर खिडक्यांच्या दोन चौकटी आखायला घेतल्या. एक छताला लागून, दुसरी फार खाली.

"खालची कशाला, बाबा? धूर तर वर जातो."

"वरची धुराला. ही बसणारीला."

पाटावर बसून त्याने डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली. मग ती पुसून चार बोटं खाली केली. सून त्याच्यापेक्षा बुटकी होती.