पाणी नको

“एवढा एक घोट घे. माझ्यासाठी.”

दवाखान्याच्या खाटेवर बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मिस्त्रींनी कप स्टुलावर ठेवला. बसच्या डेपोत त्यांचा उभा जन्म इंजिनं उघडण्यात गेला होता. अडून बसलेली गाडी कशी वळणावर आणायची ते त्यांना ठाऊक होतं. पण बायको? अर्धं अंग लुळं पडल्यापासून तिनं पाण्याशी वैरच धरलं होतं.

“सलाईन काय जन्मभर लावायचंय का?” सिस्टर म्हणाल्या. “तोंडानं पाणी गेलं नाही तर किडनीवर येईल. मग घरी जायचं नावच काढू नका.”

मिस्त्री व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. भीती वाटत होती आणि रागही येत होता. फरशी पुसणारी आयामावशी थांबली.

“तुम्हाला खरंच कळत नाही का हो?”

“काय?”

“पाणी प्यायलं की लघवीला पॉट मागावा लागतो. त्यांच्या तोंडून ते निघत नाही. आत्तासुद्धा सकाळपासून दाबून धरलंय. मी समोर असले तरी हाक मारत नाहीत.”

तापानं फणफणली तरी स्वतःचं ताट स्वतःच उचलणारी बाई ती. आपल्याला हे इतके दिवस कळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“मला शिकवा,” ते म्हणाले.

“काय शिकवू?”

“पॉट द्यायला.”

मावशीनं कपाळावर हात मारला. “बायकांचा वॉर्ड आहे, मिस्त्री! थांबा, सिस्टरना विचारते. पडदा तरी लावू.”

पडदा लागला. मिस्त्री बायकोच्या कानाशी वाकले. “मीच आहे गं. देऊ?”

मग मान हलली. मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या, तिला हलकेच कुशीवर वळवलं आणि पॉट सरकवला. नेमका उलटा.

“अगोबाई!” मावशी म्हणाली. “इंजिनं कशी बसवत होतात हो?”

“त्यांच्यावर बाण काढलेला असतो,” मिस्त्री पुटपुटले आणि पॉट फिरवून घेतला.

बाईंनी डोळे घट्ट मिटले होते. “शोभतं का हे तुम्हाला?” जीभ जड होती, तरी शब्द कळत होते.

“मग काय शेजाऱ्याला बोलावू?”

बाईंच्या ओठांची चांगली बाजू थरथरली. हसू होतं ते, मिस्त्रींना पक्कं ओळखू आलं.

झाकलेला पॉट घेऊन मिस्त्री वॉर्डातून निघाले. भेटायला आलेली माणसं बघत राहिली. एका गृहस्थांनी तर मानच फिरवली. “जरा वाट द्या,” मिस्त्री त्यांना म्हणाले. पॉट धुऊन, साबणानं हात चोळून ते परतले.

मावशीनं खाटेची डोक्याकडची बाजू उचलून दिली होती. बाईंनी चांगल्या हातानं कप तोंडाला लावला होता. अर्धं पाणी पोटात गेलं, अर्धं छातीवर सांडलं. मिस्त्रींनी पुसायला टॉवेल उचलला, मग तो खांद्यावर टाकला आणि आधी कप पुन्हा भरला.