लाल पट्ट्याचा कॅन

"माझ्या म्होरं उकळा," रंगुबाई म्हणाली. "मंग जाते मी."

करुणानं कॅनमधलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उकळत्या पाण्यात सोडली. शिरूरबाहेरच्या त्या दूध शीतकरण केंद्रातली प्रयोगशाळा ती सांभाळायची. गावोगावचे कॅन टेम्पोनं यायचे. प्रत्येकातला नमुना ती उकळून बघायची. जे फुटेल ते दूध परत जायचं. होळीपासून लाल पट्ट्याचा एक कॅन जवळजवळ रोज परत जात होता. आज त्या कॅनशेजारी टेम्पोत बसून रंगुबाई स्वतःच आली होती.

काचेवर आधी बारीक कण दिसले, मग गुठळ्या.

"फुटलं, मावशी."

"पानी घातलं न्हाई. लेकराची आन."

"पाणी नाहीच. आंबलंय."

"आवो, धार काढली का थेट कॅनात. आंबंल कवा?"

टेम्पोचा ड्रायव्हर सतीश दारातून म्हणाला, "मावशे, तुझी म्हैस ताकच देत आसंल, नीट बघ."

"तुज्या टेम्पोत घुसळून निघतंय, मंग ताकच व्हनार की रं!"

कॅन धुणारी तानुबाई हसली, सतीशही हसला. रंगुबाई हसली नाही. केंद्राचे सुपरवायझर मारुतराव बाहेर आले, तशी ती पदर सावरून उभी राहिली.

"ह्या आठवड्यात दूध टिकलं तर ठीक," मारुतराव म्हणाले. "न्हाईतर तुमच्या वस्तीचा कॅन बंद. मलाबी वरून बोलनी खावी लागत्यात."

"गावाचं दूध त्याच उन्हातनं येतं, आप्पा. आमचंच कसं नासतं?"

"त्ये मला काय ठावं?"

रंगुबाई करुणाकडं बघत राहिली. करुणानं नळी धुवायला घेतली.

रंगुबाईच्या गावाचं दूध बाकीच्या कॅनमधून यायचं आणि बौद्धवस्तीतल्या चार-पाच घरांचं या एका कॅनमधून. तो ओळखू यावा म्हणून त्याच्या गळ्याला लाल रंगाचा पट्टा मारला होता. हे कधीपासून, कुणी ठरवलं, असं कुणी विचारत नसे. करुणानंही विचारलं नव्हतं. तिचं आडनाव गायकवाड. ते ऐकल्यावर लोक पुढं चौकशी करत नसत आणि ती सांगत नसे. शिरूरला तिची भाड्याची एक खोली होती. भिंतीवर कॅलेंडरखेरीज काही नव्हतं. आई गेल्यावर काही दिवस चुलत भावंडं रविवारी यायची. पण घरमालकीण ओट्यावर बसलेली असताना कुणी मोठ्यानं जयभीम घातला तर, या धास्तीनं करुणानंच हळूहळू बोलावणं सोडलं. आता रविवारी ती कपडे धुवायची, एकटीपुरता भात टाकायची आणि दुपारी झोपायची.

लाल पट्ट्याच्या कॅनमधल्या दुधाची तिनं कमी तपासणी केली नव्हती. आंबटपणा मोजला, सोडा घातलाय का पाहिलं, कुणाच्या म्हशीची कास सुजलीय का याची चौकशी केली. उत्तर मिळालं नाही की तीच तपासणी ती पुन्हा करायची. याहून जास्त वेळ त्या कॅनपाशी घालवायला ती बिचकत होती. कुणी म्हणालं असतं, बाईंना त्या वस्तीचा एवढा कळवळा का?

दोन दिवसांनी पाणी तापवायच्या भांड्यातले दोन थर्मामीटर वेगवेगळं तापमान दाखवू लागले. तिनं डावीकडचा उजवीकडं लावला, उजवीकडचा डावीकडं. थर्मामीटर बिघडलाय की त्या जागीच पाणी कमी तापतंय, हे कळायला दुसरं काय करणार? कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून हाताला लागलेली सवय होती ती. त्यासाठी विचारही करावा लागत नसे.

तिचा हात तसाच थांबला.

दूध आणि कॅन यांची अदलाबदल तिनं एकदाही केली नव्हती. वस्तीचं दूध दुसऱ्या कॅनमध्ये, गावाचं दूध लाल पट्ट्याच्या कॅनमध्ये. एवढंच तर करायचं होतं. पण लाल पट्ट्याच्या कॅनमध्ये गावाचं दूध ओतावं, हा विचारच इतके दिवस तिच्या डोक्यात उमटला नव्हता. तो पट्टा गावानं ओढला होता, आणि तिच्या आतही तो तसाच होता. ती खाली स्टुलावर बसली. भांड्यातलं पाणी खदखदत राहिलं.

मारुतरावांना तिनं विचारलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"बाई, तुमी हितल्याच ना? मंग आसं इचारता कसं? गाव ऐकायचं न्हाई."

"एका दिवसापुरतं."

"एका येळंलाबी न्हाई. उकळायचं सांगा, मोजायचं सांगा. ह्ये नगा सांगू."

ती प्रयोगशाळेत परतली. गावाला विचारायलाच हवं, असं तरी कुठं होतं? गावाचं दूध रोज सकाळी इथंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं तपासून चांगलं ठरलेलं गावाचं दूध एका बादलीत काढून घेतलं. लाल पट्ट्याचा कॅन तानुबाईनं सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन ठेवला होता. शेजारी दुसरा एक कॅन, तसाच धुतलेला.

"बाई, त्या कॅनात?" तानुबाईनं विचारलं.

"त्याच."

अंगणातली माणसं बघत होती. करुणानं निम्मी बादली एका कॅनात ओतली, निम्मी दुसऱ्यात. ओतताना थोडं दूध फरशीवर सांडलं. झाकणं लावून तिनं दोन्ही कॅन उन्हात ठेवले. टेम्पोला गावाहून यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ ती दारातच उभी राहिली.

मग मारुतरावांसमोर तिनं दोन नळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या. एकीतलं दूध तसंच राहिलं. लाल पट्ट्याच्या कॅनमधलं फुटलं.

मारुतरावांनी कॅन आडवा पाडून आत बॅटरी मारली. तळाला आतून एक ठिगळ जोडलेलं होतं आणि त्याची कड एका बाजूनं उचकटली होती. गावाला नवे कॅन आले तेव्हा हा जुना वस्तीला दिलेला. करुणानं त्या फटीत तार घालून ओढली. पिवळा, घाण वासाचा लगदा बाहेर आला. तानुबाईचा हात किंवा ब्रश तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

"भंगारात टाक ह्यो," मारुतराव सतीशला म्हणाले. "आन् ह्या टायमाला वस्तीला नवा दे." जाता जाता ते थांबले. करुणाला काहीतरी विचारावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी दुपारी चहाला तिला कुणी हाक मारली नाही.

शनिवारी वस्तीचं दूध टिकलं. रविवारी करुणानं कपडे तसेच बादलीत ठेवले आणि एसटी पकडली.

वस्तीत शिरल्यावर तिनं रंगुबाईचं घर विचारलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "जयभीम, मावशी."

रंगुबाईनं काही न विचारता सतरंजी अंथरली.

"दूध टिकलं काल," करुणा बसत म्हणाली.

"ऐकलं. बरं झालं."

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की. चार घरांचं चालू ऱ्हायलं." रंगुबाईनं चुलीत काटकी सारली. "म्या शुक्रवारीच म्हैस इकली, बाई. शेजारची नकुशी म्हनायची, तुझ्याच दुधानं समद्यांचं नासतंय. म्हनलं, आसंलबी. माझ्यापायी कॅन नगं बंद व्हाया. म्हैस गेली, आन् दुसऱ्या दिशी दूध टिकलं. म्हंजी खरंच व्हतं तिचं."

करुणानं बाहेर पाहिलं. छपराखाली खुंट्याला दावं तसंच होतं.

"नव्हतं खरं," ती म्हणाली. "कॅन खराब होता. तळाला फट होती, त्यात जुनं दूध कुजत होतं. शनिवारी नवा कॅन आला म्हणून टिकलं. मी गावाचं दूध त्या कॅनात घालून बघितलं. तेही फुटलं."

"गावाचं? त्या कॅनात?"

"हो."

रंगुबाईनं चुलीतली काटकी मागं ओढली. "म्हंजी माझं दूध चांगलं व्हतं."

"चांगलं होतं."

"मंग भाईर जाऊन सांगा. मोठ्यानं. म्या सांगून कोन ऐकनार?"

करुणा उठली. समोरच्या ओट्यावर नकुशी गहू पाखडत होती. दोन-तीन बायका बोलत बसल्या होत्या. करुणाला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. पहिलं वाक्य नकुशीपर्यंतही पोचलं नाही. मग तिनं पुन्हा सुरुवात केली आणि सगळं सांगितलं: कॅन, ठिगळ, फट, गावाचं दूध. रंगुबाईच्या म्हशीच्या दुधात काही दोष नव्हता, हे तिनं दोनदा सांगितलं. नकुशीचं सूप थांबलं.

ती आत आली तेव्हा रंगुबाई तिच्याकडं पाठ करून कपात चहा गाळत होती. कप पुढं करताना तिनं मान वर केली नाही.

"कोराच हाय," ती म्हणाली. "घरात दूध न्हाई."