ह्यांच्यापुरती कढी

कल्हईवाल्या राजमहंमदने भात्याचं हँडल फिरवलं, निखारे फुलले आणि भागूने डोक्यावरची पाटी खाली उतरवली. परात, तांब्या, पातेलं, लहान पातेली, सासूच्या वेळचं तपेलं. राजुरीच्या या वस्तीवर पितळेत रांधणारं आता हे एकच घर उरलं होतं. बाकीच्यांनी पितळ कधीच मोडीत घालून स्टील आणलं होतं. कल्हईवाला वर्षातून एकदा जुन्नरहून यायचा तो खरं तर भागूपुरताच.

"वैनी, चरवी न्हाई आणली?"

"गळती ती."

"मग आणा की. डाग देतो."

"ऱ्हाऊ द्या, चाचा."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं की ते कळकतं आणि पोटात विषासारखं उतरतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती आणि भागूलाही नव्हती. गेल्या वर्षीही चरवी आली नव्हती. तो परात घासायला लागला.

भागूच्या नवऱ्याचं, दादाभाऊचं ताक त्या चरवीत मुरायचं. लग्न झाल्यापासून त्याने बायकोला पट्ट्याने, चपलेने, हाताला येईल त्याने मारलं होतं, आणि नवराबायकोच्या भांडणात कोण पडणार म्हणून गावाने कानावर हात ठेवले होते. आता तो बाजेवर पडून ओकायचा आणि तेच गाव म्हणायचं, दारूने खाल्ला. भागूला त्याचा जीव नको होता. त्याला हात उचलता येऊ नये, एवढंच हवं होतं. जरा बरा दिसला की चरवी, फार खंगला की स्टीलचा डबा, असं तिचं चाललं होतं. सूड उगवला की जीव थंड होतो म्हणतात. तिच्या वाट्याला नुसती धुणी आली. ओकारी पुसा, गोधड्या धुवा, त्याला कुशीवर वळवा. मार खात होते तेव्हा निदान झोप तरी लागायची, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मागून सून आली. रुपालीला ऋतिकच्या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. भर उन्हात तिच्या अंगात स्वेटर होता. भागूने त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, कारण भिंतीपलीकडचं तिला सगळं ऐकू यायचं. ऋतिकने बापाचं नाक घेतलं होतं आणि बापाचा हातही.

रुपालीने भांड्यांतली लहान पातेली उचलली आणि बाजूला ठेवली.

"हिला नका लावू, चाचा."

"का गं?" भागूने विचारलं.

"ह्यांना कढी लई आवडती. ह्यांच्यापुरती हिच्यात करीन म्हणते."

मीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं. भात्यावरचा राजमहंमदचा हात थांबला. स्टीलच्या घरातून आलेली ही पोर, पण चुलीशी गप्प बसून सगळं शिकली होती.

भागूने पातेली घेतली आणि राजमहंमदपुढे ठेवली.

"पहिली हिला लावा. माझ्यासमोर."

रुपालीचे डोळे भरून आले. "तुमी केलेलं चालतंय आन् मी केलेलं न्हाई?"

"मी केलेलंबी न्हाई चालत. मारणारा पडला, पर मी कुठं सुटले? माझं उठणं-बसणं अजून त्याच्याच हाकेवर हाय. दमले मी, पोरी. तू कपडे भर. कळंबला सोडते तुला, माहेरी."

"ते माघारी पाठवत्यात. दिवाळीला पाठवलंच व्हतं."

"ह्या खेपेला मी सांगते त्यांना."

राजमहंमदने तापलेल्या पातेलीत कथील फिरवलं. कापसाच्या बोळ्याने पुसलं तशी ती आतून चांदीसारखी निघाली.

आळेफाट्याला गाडी बदलून दोघी दुपारी कळंबला पोचल्या. रुपालीच्या आईने चहा टाकला होता, तो होण्याआधीच भागू बोलली.

"ऋतिक हिला मारतो. मी त्याची आई हाय, तरी सांगते. न्यायला आला तर पाठवू नका. चौकीत सांगायची येळ आली, तर मी येईन."

आईने लेकीच्या स्वेटरची बाही वर सारली आणि लगेच खाली ओढली.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "न्हाई पाठवत आता."

भागू निघाली तेव्हा रुपाली दारापर्यंत आली. पाया पडायला वाकली.

"आत्या, तुमच्यामुळं वाचले मी."

भागूला गप्प राहता आलं असतं. पण खोटा मान घ्यायलाही अंगात बळ लागतं, तेवढं तिच्यात उरलं नव्हतं.

"तुला न्हाई गं वाचवलं. मी माझं पोरगं वाचवलं."

रुपाली वाकलेली तशीच थांबली. मग सरळ झाली आणि पाया न पडताच आत गेली.