एका फोनचा पास

चष्मेवाल्यांनी बायकोचा जुना फोन खिशातून काढला, सवयीने त्याची काच रुमालाने पुसली आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. बोटीच्या जेवणघरातलं टेबल नेहमीचंच होतं, खिडकीला लागून, चार खुर्च्यांचं. चौथ्या खुर्चीवर थोरलीने सगळ्यांच्या पिशव्या रचल्या होत्या. ती रिकामी दिसू नये म्हणून असेल.

“बाबा, आईचा फोन कशाला?” धाकट्याने विचारलं. तो अजून बसलाच नव्हता. “मी वर डेकवर जातो. माझा पास मी घेईन.”

“मीही माझा घेते,” थोरली म्हणाली. “मला दोन तास काम आहे. तिकडे मागे प्लगही आहे.”

“कोणी काही घ्यायचं नाही. मी आणतो. एकच, नेहमीसारखा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलं दोन शहरांत राहायची, आणि आई गेल्यापासून फोनवरचं बोलणं ‘कसे आहात’, ‘बरा आहे’ यापुढे सरकत नव्हतं. वर्षातून एकदा मावशीकडे जाताना हे सहा तास तिघं एकत्र असत. एकदा पलीकडे उतरलं की गोतावळ्यात कोण कुणाच्या वाट्याला येणार! हे सहा तास हातचे गेले तर वर्ष गेलं, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोटीवर विकतचं वाय-फाय आलं तेव्हापासून घरचा खाक्या ठरलेला. पास बायको आणायची, आपल्या फोनवर चालू करायची आणि हॉटस्पॉट लावून बाकीच्यांना वाटून द्यायची. पास एकाच फोनवर चालतो, असं तिने पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं होतं. टेबलापासून दहा पावलं गेलं की नेट गायब. बोटीच्या लोखंडी भिंतींपुढे त्या फोनचं काही चालत नसे. धाकटा ऐटीत डेकवर जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. त्यात चौघांचा भार एकट्या फोनवर, त्यामुळे एखादं चित्र निम्मं उघडून तिथेच अडकायचं. तोवर करायचं काय? मग थोरली तिच्या गणिताच्या बाईंची नक्कल करायची आणि धाकटा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसायचा. बायको संत्रं सोलत साळसूदपणे म्हणायची, “मी तरी काय करू? एकच पास आहे.”

पास विकायच्या खिडकीवरचा माणूस जुनाच होता, केस तेवढे पिकले होते.

“बाई दिसत नाहीत यंदा?”

“ती गेली. हिवाळ्यात.”

माणसाने कोडची चिठ्ठी फाडून पुढे केली.

“एका फोनचाच ना हा?” चष्मेवाल्यांनी खात्री करून घेतली.

“एका फोनचा पास आमच्याकडे कधी नव्हताच, साहेब. एक कोड, चार फोन. बोटीवर कुठेही बसा. बाईंना मी पहिल्याच वर्षी हे सांगायला गेलो, तर म्हणाल्या, ‘हळू बोला, पोरं मागे उभी आहेत.’”

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. तळाला बारीक अक्षरांत तसं छापलेलं होतंच. आपल्या चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांकडून तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून घेतली होती. ही एक तेवढी त्यांच्या हातात कधी आलीच नव्हती. त्यांना हसू आलं.

“लबाड कुठची,” ते पुटपुटले.

ते परतले तेव्हा थोरलीने लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली होती आणि धाकटा दारापर्यंत पोचला होता.

“काय म्हणाला तो? किती फोन चालतात?” त्याने तिथूनच विचारलं.

चष्मेवाल्यांनी चिठ्ठीची घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकली.

“एकच. नियम आहे त्यांचा.”

धाकटा कुरकुरत परत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. हॉटस्पॉट कसा लावायचा हे मात्र चष्मेवाल्यांना कुठे येत होतं! थोरलीने फोन आपल्याकडे ओढला.

“कोड सांगा, बाबा.”

ते आठवून सांगू लागले आणि तीनदा चुकले. शेवटी तिनेच त्यांच्या खिशातून चिठ्ठी काढली. कोड घातला. तरी चिठ्ठी तिच्या हातातच राहिली. ती खालपर्यंत वाचत गेली, मग तिने बापाकडे पाहिलं. ते खाली मान घालून चष्म्याची काच पुसत होते. आधीच लख्ख असलेली.

“ताई, आलं का नेट?” धाकट्याने विचारलं.

थोरलीने चिठ्ठीची बारीक घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवली. खांद्यावरची बॅग उतरवली, चौथ्या खुर्चीवरच्या पिशव्या एकेक करून खाली काढल्या आणि ती खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“येतंय,” ती म्हणाली. “इकडे सरक. लांब बसलास तर मिळणार नाही. एकच पास आहे.”