मांडवातली ताई ची

हर्षा मेश्राम नागपुरात इंदोऱ्याच्या एका सभागृहात कुंग फू शिकवायची. त्यावरच तिचं घर चालायचं. लहानपणी वडिलांची रेल्वेत कोलकात्याला बदली झाली, तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चिनी दंतवैद्याने तिला ही विद्या दिली होती. तो बोलायचा फार कमी. पाणी ओतावं तसा हात हलवायचा आणि म्हणायचा, "असं."

यंदा चौकात चकाचक जिम उघडली आणि तिची बरीचशी पोरं तिकडे वळली. म्हणून सौरव या इव्हेंटवाल्याचा फोन आला तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही. सावनेर रोडच्या लॉनवर लग्न होतं आणि नवरदेवाच्या स्वागताला काहीतरी हटके हवं होतं.

"ताई, उड्या पाहिजे, तलवार पाहिजे," सौरव म्हणाला, "अन् तोंडानं जोरात हू-हा करा. पब्लिकले मजा आली पाहिजे."

दिवस मावळत होता. वरात दारात आली, हर्षा रेशमी पोशाखात स्टेजवर चढली, पायाशी सुक्या बर्फाचा धूर पसरला, डीजेने पहिला ठोका दिला आणि वीज गेली. जनरेटर खोकला आणि गप्प बसला.

तलवार हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. उडी मारायला अंगच तयार होईना. तिने तलवार हळूच खाली ठेवली आणि हात आपोआप वर आले, संथ, पहाटेच्या सरावासारखे. ती ताई ची, म्हणजे कुंग फूचाच तो संथ प्रकार, करू लागली. धूर गुडघ्यांभोवती घोटाळत होता. केशरी उजेडात तिला वाटलं, आपण ढगावर पाय टाकतोय आणि खाली कुणीतरी सगळं गाव झोपवून ठेवलंय. वरातीतले नाचणारे जागच्या जागी थांबले. घोडीसुद्धा कान हलवायची थांबली.

वळताना तिला शेजारी कुणीतरी दिसलं. नवरीची आजी, प्रेमिलाबाई, जरीच्या लुगड्यात स्टेजवर आली होती. डोळे अर्धे मिटलेले, हात हर्षाच्या हातांमागे तरंगत होते. पाऊल चुकत होतं, पण ती हसत होती, एखादी लहान मुलगी नदीत उतरावी तशी.

अचानक दिवे लागले. हर्षाचे हात खाली आले.

"काहून थांबली वं पोरी?" आजी म्हणाली. "गुडघे दुखून राहिले होते माये, आत्ता कुठी गेलं दुखनं, समजलंच नाही. शिकवशीन का मले?"

"शिकवीन की, आजी."

सौरवचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. "ताई, हे काय झोपेत चालल्यासारखं केलं? पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाले बोलवीन मी." हर्षाने तलवार म्यानात घातली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण अंग इतकं हलकं झालं होतं की राग त्यावर टिकेना.

नवरी वेदिका सासरी गेली. आजीने मात्र पिच्छा सोडला नाही. आता आठवड्यातून दोनदा हर्षा पहिल्या बसने सावनेरला जाते. कापसाच्या शेताकडेच्या मोकळ्या जागेत आजीच्या मैत्रिणी पदर खोचून वाट पाहत असतात. धुक्यात त्यांची लुगडी आधी दिसतात, चेहरे मागून येतात. कुणाचा हात डावीकडे, कुणाचा उजवीकडे. हर्षा ओरडत नाही. त्यांच्यामधून चालत जाते, एखादीचं कोपर जरासं उचलते आणि पुढे सरकते.