डावा पीळ

"सगळे कागद सोडवा. पेट्या रसाच्या कारखान्यात जाणार आहेत," मुकादम म्हणाला.

आम्ही शेडमध्ये सफरचंदं भरणाऱ्या बायका. आख्खा हंगाम एकेक सफरचंद जांभळ्या पातळ कागदात गुंडाळायचं, वर पीळ द्यायचा, पेटीत बसवायचं. आणि आता तेच उलटं करायचं. जिथे गोरे-काळे असं माणसांना रंगावरून वेगळं काढतात त्या देशातलं फळ आमच्या टेबलावर नको, असं विलायतेतली गिऱ्हाइकं म्हणत होती. शेवटी तिकडच्या दुकानांनीही आमचा माल घेणं बंद केलं. ईस्टरनंतर एवढ्या पेट्या सोडवून झाल्या की आम्हा जुन्या बायकांचं काम संपणार होतं.

माझ्या शेजारी डोर्किस फेब्रुअरी बसायची. विधवा, अबोल आणि डावखुरी. आमचा पीळ उजवीकडे, तिचा डावीकडे. ती नवी होती तेव्हा मुकादम त्यावरून खेकसायचा, मग त्यानेच नाद सोडला. तिची एकुलती एक पोर इव्हॉन शाळेतल्या संपानंतर पोलीस मागे लागले म्हणून सरहद्द ओलांडून गेली, ती थेट लंडनला. परतीची वाट बंद. दर गुड फ्रायडेला पास्टरच्या घरी तिचा फोन यायचा, तेवढाच काय तो आवाज.

एका वर्षी ती फोनवर म्हणाली, "मा, इथल्या दुकानात तुझं सफरचंद मिळालं. पीळ डावीकडचा होता. कागद जपून ठेवलाय."

तेव्हापासून शाळेत जाणाऱ्या पोरीची वेणी घालावी तशी डोर्किस एकेक सफरचंद गुंडाळायची. पुढच्या वर्षी इव्हॉनने सांगितलं की ती त्याच दुकानाबाहेर थंडीत उभी राहते आणि लोकांना ती सफरचंदं घेऊ नका म्हणून विनवते. मी डोर्किसला छेडलं, "आई माल धाडते, लेक अडवते. बरा चाललाय तुमचा धंदा." ती खूप दिवसांनी पोटभर हसली. पोरीचा तिला अभिमान होता. पण गुंडाळताना हात तेवढाच हळुवार राहिला.

यंदाच्या गुड फ्रायडेला, सणाला घरोघरी करतात त्या मुरवलेल्या मासळीचं भांडं घेऊन आम्ही दोघी पास्टरकडे गेलो. इव्हॉन इतकी मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू आलं.

"मा, यंदा एकही पेटी आली नाही. दुकान रिकामं आहे. आपण जिंकलो, मा."

"हो गं. चांगलं झालं," डोर्किस म्हणाली. काम जाणार हे ती बोलली नाही. "थंडीत उभी राहतेस तर डोक्याला बांधत जा."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीतच बसून राहिली. मग मला म्हणाली, "सोफी, वर्षभर वाटायचं, आपला हात तिच्यापर्यंत पोचतोय. आता नुसता फोन राहिला गं."

मासळी आम्ही तशीच परत आणली.

मंगळवारी पुन्हा कागद सोडवायला बसलो. हात एकाच दिशेने चालत होते आणि मध्येच एक पीळ सुटायच्या ऐवजी आणखी आवळला गेला. समोरच्या बाईचंही तसंच झालं. डोर्किसची सफरचंदं होती ती.

"ती तशी सुटायची नाहीत. द्या इकडे," ती म्हणाली.

मग आम्ही सगळ्याजणी तिची सफरचंदं तिच्याकडे सरकवत गेलो. तिच्यासमोर ढीग झाला.

मुकादम येऊन उभा राहिला. "बघा. तुमचा कैवार घेणाऱ्यांनी तुमच्याच पोटावर पाय दिला. घाला शिव्या त्यांना."

आम्ही पेटीतलं पुढचं सफरचंद उचललं.

"शिव्या कशाला, साहेब? बरं केलं त्यांनी," डोर्किस म्हणाली.

शेडमध्ये असं कुणी बोलत नसे. तो पाठ फिरवून निघून गेला.

आमचे कागद आम्ही चुरगाळून पोत्यात टाकत होतो. डोर्किस मात्र एकेक सोडवायची, मांडीवर सरळ करायची आणि दुसऱ्यावर ठेवायची. संध्याकाळी ते सगळे बंबात जाणार होते, हे तिलाही ठाऊक होतं.