कागदावरचे तीन किलोमीटर

सत्तावन्न. प्रेमराज गुरुजींनी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावरच्या रेघा पेन्सिलीच्या टोकाने पुन्हा मोजल्या. चार उभ्या आणि पाचवी आडवी, असे अकरा जुडगे, वर दोन सुट्या. तिसरी-चौथीचा मिळून पट सतरा, आज हजर पंधरा. अकरा ते एक या दोन तासांत या पंधरा मुलांनी त्यांना सत्तावन्न प्रश्न विचारले होते. त्यांतले चोपन्न परवानगीचे होते. नवा पानवर लिखू का, समास सोडू का, लाल पेन चाली का, पानी पिऊ का. दोघांनी खिचडी शिजली का ते विचारलं. उरला एक. तो चौथीतल्या भाविकाचा होता.

"गुरुजी, रस्ताना किलोमीटर कोन मोजस?"

"सरकार," गुरुजींनी वह्या तपासता तपासता सांगितलं होतं.

"सरकार पायी चालीसन मोजस का?"

तेवढ्यात तिसरीतला एकजण पेन्सिलीला टोक करू का म्हणून पुढे आला आणि ते उत्तर राहून गेलं.

मोजायला सांगितलं होतं धुळ्याच्या प्रशिक्षणात. शिकवणारा पोरगा पंचविशीतला, गुरुजींच्या नोकरीपेक्षा दोन वर्षांनी लहान. "मुलं काय विचारतात ते एक दिवस नुसतं मोजा," तो म्हणाला होता. गुरुजी मनात हसले होते. त्यांच्या वर्गातली मुलं फार विचारतात, हे त्यांना सत्तावीस वर्षांपासून ठाऊक होतं. काय विचारतात ते मात्र त्यांनी कधी लिहून पाहिलं नव्हतं. त्यांनी पान दुमडलं, उलगडलं, आणि हजेरीपट बंद केला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी वर्गाला सांगितलं, की आजपासून जे तुमचं तुम्हाला ठरवता येतं, ते मला विचारायचं नाही.

"मंग कोनले इचारानं?" मागून आवाज आला.

"सोताले."

पहिला आठवडा बघण्यासारखा गेला. एकाने अख्खा धडा हिरव्या शाईने उतरवला. एकाने वही उलटी धरून शेवटच्या पानापासून सुरुवात केली. तिसरीतले दोघे पाणी प्यायला म्हणून जे गेले, ते घरी जाऊन जेवूनच आले. शेजारच्या खोलीत पहिली-दुसरी सांभाळणाऱ्या ज्योती मॅडम धुळ्याच्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, तुमचा वर्ग आहे की आठवडे बाजार?"

"बाजारात निदान ज्याला त्याला कळतं, काय घ्यायचं ते," गुरुजी म्हणाले. पण त्या दिवशी घरी जाताना त्यांची मान खाली होती.

त्याच आठवड्यात भाविकाचे वडील लोटन शाळेत आले. कापसाची वेचणी सुरू होती. अंगावरच्या सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ही शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी फाट्यावरच्या मोठ्या शाळेत जावं लागे. लोटनभाऊंनी ठरवलं होतं, की जूनमध्ये भाविकाला पाचोऱ्याला तिच्या आत्याकडे ठेवायचं. आत्याचं पोर तान्हं होतं. ते सांभाळायचं आणि जमलं तर तिथल्या शाळेत जायचं.

"जमलं तर म्हंजे?" गुरुजींनी विचारलं.

"म्हंजे जमलं तर. आठे ठेईसन काय करू? फाटा चार किलोमीटर शे. पोर येकली कशी जाई?"

"तीन शे, लोटनभाऊ. आपला कागदवर तीन शे."

"कागद कधी पायी चालना का, गुरुजी?"

शाळेच्या माहितीच्या तक्त्यात, जवळची उच्च प्राथमिक शाळा या रकान्यात गुरुजी दरवर्षी तीन लिहीत आले होते. त्यांच्या आधीच्या गुरुजींनीही तीनच लिहिलं होतं. भाविका फळ्याजवळ उभी होती. वडील गेल्यावर ती जागेवर जाऊन बसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. काय लिहितेस, हे गुरुजींनी विचारलं नाही. नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा होती. दप्तर नाही, खेळ, गाणी, ज्याला जे करायचं ते. सव्वाआठला गुरुजींनी सवयीने डोकी मोजली. पंधरा भरली. सतराही मुलं प्रार्थनेला होती. पुन्हा मोजली तरी पंधराच. भाविका नव्हती आणि तिच्या बाजूला बसणारी डिंपल नव्हती.

खिचडी शिजवणाऱ्या सुनंदाबाई चुलीजवळ तांदूळ निवडत होत्या.

"दोन्ही पोरी सायकल लिसन गयात, फाटाकडे," त्या म्हणाल्या. "मी इचारं, गुरुजीले इचारं का? तं म्हने, आते इचारानं बंद शे."

गुरुजींनी खिशातून फोन काढला, लोटनभाऊंचा नंबर शोधला, अंगठा थोडा वेळ वरच्या वर धरला आणि मग दाबला. पोरी शाळेतून गेल्या आहेत, फाट्याच्या रस्त्याने, मी निघतोय, एवढं सांगितलं. ऐकताच पलीकडून फोन कापला गेला. ज्योती मॅडमना वर्ग बघायला सांगून त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

पोरी अर्ध्या वाटेवर दिसल्या. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये डांबराचा एकेरी रस्ता, त्याच्या उजव्या कडेने त्या चालत होत्या. डिंपलची सायकल भाविका हातात धरून ढकलत होती. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल रिबीन बांधलेली. दोघींच्या नजरा त्या रिबिनीवर होत्या.

"भाविका!" गुरुजी लांबूनच ओरडले.

दोघी थांबल्या. भाविकाने डोळे मिटले.

"एकेचाळीस का बेचाळीस?" डिंपलने विचारलं.

"चुकनं," भाविका म्हणाली. मग गुरुजींकडे वळून, अगदी शांतपणे, "गुरुजी, बोलू नका. बोलं का मोजनं चुकी जास."

गुरुजी तोंड उघडून तसेच उभे राहिले.

"आते?" डिंपल म्हणाली.

"मांगे चला. खडूनी रेघ लगून."

त्यांनी सायकल वळवली. सत्तर-पंच्याहत्तर मीटर मागे डांबरावर खडूची आडवी रेघ होती. तिच्या मागे, बरीच लांब, आणखी एक असणार. चाकाचे शंभर फेरे झाले, की डिंपल एक रेघ मारायची आणि कपाशीची एक सरकी उजव्या खिशातून डाव्यात टाकायची. डाव्या खिशात अकरा सरक्या होत्या. बाराव्या सरकीसाठी मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

गुरुजींनी मोटरसायकल कडेच्या शेतातल्या वेचणीवाल्या बायांच्या जवळ लावली आणि त्या दोघींच्या मागे पंधरा पावलांवरून चालू लागले. कानाखाली वाजवावी, असं एकदा मनात येऊन गेलं. थांबवून परत न्यावं, असं दोनदा. समोरून ट्रॅक्टर आला, तेव्हा ते पुढे झाले आणि पोरींच्या बाहेरच्या अंगाला येऊन चालू लागले. तेव्हापासून ते त्याच बाजूला राहिले.

सायकलला पाटी टांगावी तशी भाविकाची वही हँडलला सुतळीने बांधली होती. गुरुजींनी तिरक्या नजरेने वाचलं. चाकाचा घेर, डिंपलच्या आईच्या टेपने, तीनदा : १७४, १७५, १७४. खाली रेघ मारून १७४. त्याखाली दोन ओळी. भाऊ म्हणतात ४. गुरुजी म्हणतात ३. तिसरी ओळ कोरी होती. भाविका वडिलांना भाऊ म्हणायची.

लोटनभाऊ तेराव्या सरकीला आले. मोटरसायकल बंद करायच्या आधीच बोलू लागले.

"कोठे चालनी तू? कोनले सांगीसन..."

भाविकाने मान वर न करता डावा पंजा उचलून दाखवला, थांबा. लोटनभाऊंच्या आयुष्यात त्यांना त्यांच्या पोरीने थांबा म्हटलेलं हे पहिलंच असावं. ते गुरुजींकडे बघू लागले.

"तेराशेना पुढे शे," गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले. "बोलू नका. मी बोलनू, तं चाळीस फेरा वाया गयात."

लोटनभाऊंनी गाडी कडेला लावली, चावी काढली आणि चालू लागले. काही वेळ चौघांच्या चपलांचा आणि चाकाच्या फ्रीव्हीलचा टकटक आवाज तेवढा होता.

सतराव्या सरकीला गुरुजींनी मनातल्या मनात गुणाकार केला. एक मीटर चौऱ्याहत्तर गुणिले सतराशे. दोन हजार नऊशे अठ्ठावन्न. आणखी चोवीस-पंचवीस फेरे झाले, की तीन किलोमीटर भरणार. त्यांनी समोर पाहिलं. शाळा नव्हती. फाट्याच्या अलीकडचा पूलही अजून आला नव्हता. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत घातला. भाविकाही समोर बघत होती. तिलाही सतराचा हिशेब येत होता. तिने सायकल जरा आवळून धरली आणि ढकलत राहिली.

अठरा. एकोणीस. पूल एकोणिसाव्यात गेला. विसाव्या रेघेला खडू संपत आला होता. लोटनभाऊंची पावलं मोठी पडायला लागली होती.

मोठ्या शाळेच्या फाटकाला चाक टेकलं, तेव्हा डिंपलच्या डाव्या खिशात तेवीस सरक्या होत्या आणि वर चौसष्ट फेरे. भाविका फाटकाच्या पायरीवर बसली. गुणाकार तिने दोनदा केला, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. चार हजार एकशे तेरा मीटर.

डिंपल तिच्या खांद्यावरून वाकली.

"तीन लिखी टाक ना," ती कानात म्हणाली, पण ती कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली. "कागदवर शे ना तीन. गुरुजी बी तीन म्हंतस."

गुरुजींनी भिंतीवरच्या शाळेच्या नावाकडे बघितलं.

भाविकाने तिसऱ्या ओळीत लिहिलं : आम्ही मोजले ४ किमी ११३ मीटर. मग वही वडिलांच्या हातात दिली.

"मी सांगत व्हतू ना," लोटनभाऊ म्हणाले. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. "चार शे."

"हा. वरतून एकशे तेरा."

"मंग झालं." त्यांनी वही परत केली. "चाल आते घर."

"माझंच चुकलं," गुरुजी म्हणाले. "सत्तावीस साल तीन लिखं मी."

लोटनभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

भाविका उठली नव्हती. ती वहीच्या त्याच पानावर आणखी एक आडवी रेघ मारत होती. रेघेखाली तिने 'वेळ' असं लिहिलं आणि पुढे जागा सोडली.

"भाऊ, लांबी व्हई गई," ती म्हणाली. "येळ मोजानी बाकी शे. मी येकली जासू, गावनी शाळा लगून. सायकलवर. तुम्ही आठेच थांबा."

"येकली?"

"तुमनी गाडी मांगे शे. गुरुजीनी बी मांगेच शे." मागोमाग यायला दोघांकडे गाडी नव्हती, हे तिने अगदी सरळपणे सांगितलं, जणू तोही एक मोजलेला आकडा होता. "ज्योती मॅडम फोन करतीन, मी पोचनी का."

लोटनभाऊ रस्त्याकडे बघत राहिले. मघाशी समोरून आलेला ट्रॅक्टर आता रिकामा परत चालला होता. तो लांब गेला. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"यामा घड्याळ कोठे ऱ्हास, जे पयत सुटस ते?"

डिंपलने त्यांना स्टॉपवॉच काढून दिलं. गुरुजींनी ज्योती मॅडमना फोन लावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. "सर, तुम्ही शुद्धीवर आहात ना?" मॅडम म्हणाल्या, आणि मग, "बरं. फाटकात उभी राहते."

भाविकाने रिबीन सोडून केसांना बांधली, वही पोटाशी खोचली आणि सायकलवर बसली. पाय पुरत होते, जेमतेम. लोटनभाऊंनी बटण दाबलं.

पुलापर्यंत ती दिसत होती. मग रस्ता वळला.

डिंपल पायरीवर बसून सरक्या मोजू लागली. गुरुजी फाटकाला टेकून उभे राहिले. लोटनभाऊ उभेच होते, दोन्ही हातांनी फोन छातीशी धरून, आकडे पळताना बघत. मध्ये एकदा फोन त्यांच्या हातात विझला, तेव्हा ते दचकले. डिंपलने परत लावून दिला; आकडे थांबले नव्हते. दहा मिनिटांना ते पुलाच्या दिशेने चार पावलं गेले आणि परत आले. पंधराला त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. अठराला कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

गुरुजींचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं आणि लोटनभाऊंकडे बघून मान हलवली.

लोटनभाऊंचा अंगठा बटणावर पडला. त्यांनी फोन उन्हातून सावलीत नेला, डोळ्यांजवळ धरला आणि डिंपलला उरलेल्या खडूने पायरीवर लिहून ठेवायला सांगितलं.

एकोणीस मिनिटं, चाळीस सेकंद.